विश्लेषण : तीनदा कोसळूनही हागिया सोफियाचा घुमट उभा कसा? आता त्याच्या मजबुतीकरणाकडे जगाचे लक्ष का?

इस्तंबूलच्या हागिया सोफियाची बातमी आली, की चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नाभोवती फिरते. ही वास्तू चर्च, मशीद की संग्रहालय? जुलै २०२० मध्ये तुर्कस्तानच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तिचा संग्रहालयाचा दर्जा रद्द केला आणि तेथे पुन्हा नमाज सुरू झाला, तेव्हाही जगभर हाच वाद रंगला. मात्र बायझंटाइन वास्तुकलेच्या अभ्यासकांपुढचा आणि अभियंत्यांपुढचा प्रश्न वेगळा आहे. पुढच्या मोठ्या भूकंपात हा विटांचा घुमट टिकेल का? एप्रिल २०२५ मध्ये मुख्य घुमटाच्या मजबुतीकरणाचा टप्पा जाहीर झाल्यापासून हा प्रश्न पुन्हा पुढे आला आहे. सुमारे १५०० वर्षांत हा घुमट तीनदा अंशतः वा मोठ्या प्रमाणात कोसळला आणि तिन्ही वेळा पुन्हा उभा राहिला. तो कसा, आणि त्यातून आज काय शिकता येते, याचा हा आढावा.

हागिया सोफिया कधी आणि कोणी बांधली?

‘हागिया सोफिया’ हे कुणा संताचे नाव नाही. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘पवित्र प्रज्ञा’ असा होतो. आजची वास्तू या जागेवरची तिसरी. पहिले चर्च इसवी सन ३६० मध्ये, तर दुसरे ४१५ मध्ये उभे राहिले. ही दोन्ही चर्च सुरुवातीच्या ख्रिस्ती वास्तुकलेतील रूढ पद्धतीची, म्हणजे लांबट सभागृह, दोन्ही बाजूंना स्तंभांच्या रांगा आणि वर लाकडी छत अशी होती. लाकूड म्हटले की आगीचा धोका आलाच. जानेवारी ५३२ मध्ये सम्राट जस्टिनियनविरुद्ध राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचे इस्तंबूल) मोठी दंगल उसळली आणि तिच्यात दुसरे चर्च जळून गेले.

दंगल मोडून काढल्यावर अवघ्या काही आठवड्यांत, फेब्रुवारी ५३२ मध्ये नव्या चर्चचे काम सुरू झाले. जस्टिनियनने ते ट्रॅलिसचा अँथेमियस आणि मिलेटसचा इसिडोर या दोघांकडे सोपवले. हे दोघे नेहमीच्या अर्थाने गवंडी वा कंत्राटदार नव्हते. भूमिती आणि यंत्रशास्त्र हा त्यांचा प्रांत होता. २७ डिसेंबर ५३७ रोजी, म्हणजे सहा वर्षेही पूर्ण होण्याआधी चर्चचे उद्घाटन झाले. पुढे याच घाईची मोठी किंमत मोजावी लागली.

या घुमटात वेगळे काय होते?

मोठा घुमट बांधणे रोमन लोकांना नवे नव्हते. रोममधील पँथिऑनचा घुमट दुसऱ्या शतकातील आहे आणि त्याचा व्यास सुमारे ४३ मीटर, म्हणजे हागिया सोफियाच्या घुमटापेक्षा बराच मोठा आहे. पण पँथिऑनचा गोल घुमट गोल भिंतीवर बसलेला आहे. भिंत जाड आणि सलग, त्यामुळे वजन सगळीकडून सारखे खाली उतरते.

हागिया सोफियात घुमट चौकोनावर बसवायचा होता. त्याच्या खाली भिंत नव्हे, तर चार भव्य दगडी खांब आणि त्यांना जोडणाऱ्या चार कमानी होत्या. भिंती काढून टाकल्यामुळे खालचे सभागृह मोकळे झाले, पण चौकोनी पायावर गोल टोपी बसवायची कशी, हा प्रश्न उभा राहिला.

उत्तर समजून घ्यायला अर्धे कलिंगड पुरेसे आहे. अर्धे कलिंगड ताटात पालथे ठेवा. आता त्याच्या चार बाजू उभ्या कापा, म्हणजे खालचा आकार चौकोनी होईल. कापलेल्या प्रत्येक बाजूवर कमानीसारखा अर्धवर्तुळाकार भाग दिसेल. या चार कमानींच्या माथ्याच्या पातळीवर आडवा काप घेऊन वरचा भाग काढून टाका. वर गोल कड तयार होते आणि चार कोपऱ्यांत सालीचे चार वळणदार त्रिकोण उरतात. या त्रिकोणांना वास्तुशास्त्रात ‘पेंडेंटिव्ह’ म्हणतात. वरच्या गोल कडेवर वाटी पालथी ठेवली, की झाला हागिया सोफियाचा घुमट. वाटीचे वजन त्रिकोणांमधून चार कोपऱ्यांत आणि तेथून चार खांबांमध्ये उतरते.

ही युक्ती लहान प्रमाणात आधीही वापरली गेली होती. सुमारे ३१ मीटर व्यासाच्या घुमटासाठी, तोही जमिनीपासून सुमारे ५५ मीटर उंचीपर्यंत नेऊन, ती वापरण्याचे धाडस मात्र येथे झाले. घुमटाच्या पायथ्याशी ४० खिडक्या आहेत. त्यांतून येणाऱ्या प्रकाशामुळे खालून पाहणाऱ्याला घुमट जणू अधांतरी असल्याचा भास होतो. तत्कालीन इतिहासकार प्रोकोपियसनेही याचे आश्चर्य नोंदवले आहे. खिडक्यांचा उपयोग केवळ उजेडापुरता नाही. घुमटाचा पायथा हा तडे जाण्याची सर्वाधिक शक्यता असलेला भाग असतो. तेथे सलग भिंतीऐवजी खिडक्यांच्या मधोमध भक्कम आधार दिल्याने वजन ठरावीक मार्गांनी खाली जाते.

मग घुमट कोसळला का?

घुमटाचे वजन फक्त खाली जात नाही, ते बाहेरच्या दिशेनेही ढकलते. भिंतीला टेकवलेल्या शिडीवर माणूस चढला, की शिडीचा पाय बाहेर सरकू पाहतो, तसेच हे. घुमट जितका पसरट, तितका हा बाहेरचा रेटा जास्त. ५३७ मधील मूळ घुमट आजच्यापेक्षा बराच पसरट होता.

दुसरे कारण चुन्यात दडलेले आहे. बांधकामात चौरस, चपट्या विटा वापरल्या आहेत आणि दोन विटांमधला चुन्याचा थर जवळपास विटेइतकाच जाड आहे. म्हणजे ही इमारत जितकी विटांची, तितकीच चुन्याची आहे. या चुन्यात विटांचा चुरा मिसळलेला आहे. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या बांधकामात जिला सुरखी म्हणतात, तीच ही गोष्ट. सुरखी मिसळलेला चुना कालांतराने अतिशय मजबूत होतो आणि थोडी हालचालही सहन करतो. पण त्याला पक्का व्हायला वेळ लागतो. जाड थर तर आणखी सावकाश पक्के होतात.

जस्टिनियनला वेळ नव्हता. खालचा चुना पुरता पक्का होण्याआधी वरचे वजन चढत गेले. काम सुरू असतानाच कमानींना आणि खांबांना धोका निर्माण झाला होता आणि ओल सुकेपर्यंत काही भाग उतरवून ठेवावा लागला होता, असे प्रोकोपियसच्या वर्णनावरून दिसते. चार मुख्य खांब बाहेरच्या बाजूला झुकले, ते कायमचेच. त्यानंतर ५५३ आणि ५५७ मध्ये भूकंप झाले. ७ मे ५५८ रोजी पूर्वेकडची कमान, तिला लागून असलेला अर्धघुमट आणि मुख्य घुमटाचा भाग कोसळला.

पडझड नेहमी पूर्वेला किंवा पश्चिमेलाच का झाली?

या वास्तूच्या अभ्यासातील हा सर्वांत रंजक मुद्दा आहे. ५५८ मध्ये पूर्व बाजू पडली. ९८९ च्या भूकंपात पश्चिम बाजू पडली. १३४६ मध्ये पुन्हा पूर्व बाजू पडली. नकाशा पाहिला तर हे कोड्यात टाकणारे आहे. कारण पूर्व आणि पश्चिमेला घुमटाला टेकू देणारे दोन मोठे अर्धघुमट आहेत, तर उत्तर आणि दक्षिणेला असा आधार नाही. मग कमजोर वाटणारी बाजू शाबूत कशी राहिली?

उत्तर असे, की उत्तर-दक्षिणेला अर्धघुमट नसल्यामुळे खांब त्याच दिशांना बाहेर झुकले. उत्तरेकडचे दोन खांब आणखी उत्तरेला, दक्षिणेकडचे दोन आणखी दक्षिणेला. आता पूर्वेची कमान ज्या दोन खांबांवर उभी आहे, त्यांतील एक उत्तरेचा आणि दुसरा दक्षिणेचा आहे. पश्चिमेच्या कमानीचेही तसेच. दोन्ही पाय एकमेकांपासून दूर गेले, की कमान ताणली जाते आणि तिचा माथा खाली बसतो. त्यावर भूकंपाचा हादरा आला, की ती पडते. दोष उत्तर-दक्षिणेत, पण पडझड पूर्व-पश्चिमेला, असा हा प्रकार आहे. केवळ जिथे भाग पडला तिथेच दुरुस्ती केली, तर मूळ दुखणे तसेच राहते. त्यामुळेच दर काही शतकांनी ते डोके वर काढत राहिले.

दुरुस्ती कोणी आणि कशी केली?

पहिली दुरुस्ती मूळ इसिडोरच्या पुतण्याने, धाकट्या इसिडोरने केली. त्याने घुमटाची उंची सुमारे सहा मीटरने वाढवली. उंच घुमटाचा बाहेरचा रेटा कमी असतो. आज दिसणारा घुमटाचा आकार त्याचाच. डिसेंबर ५६२ मध्ये चर्च पुन्हा सुरू झाले.

९८९ नंतर काम अर्मेनियन वास्तुकार त्रदात याच्याकडे गेले. अर्मेनियाची तत्कालीन राजधानी आनी येथील कॅथेड्रलच्या उभारणीशी त्याचे नाव जोडलेले आहे. त्याने आधी प्रतिकृती तयार केली आणि मग काम केले, अशी नोंद अर्मेनियन इतिहासकाराने ठेवली आहे. ९९४ मध्ये वास्तू पुन्हा खुली झाली. १३४६ ची पडझड झाली तेव्हा साम्राज्य आर्थिकदृष्ट्या खंगलेले होते, तरीही काही वर्षांत पूर्वेकडचा भाग पुन्हा बांधला गेला.

१४५३ मध्ये ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमेदने शहर जिंकले आणि चर्चची मशीद झाली. पुढे सोळाव्या शतकात ऑटोमन साम्राज्याचा प्रमुख वास्तुकार सिनान याने बाहेरून भक्कम आधारभिंती उभारून वास्तूला बळकटी दिली. १८४७ ते १८४९ दरम्यान गास्पारे आणि जुझेप्पे फोसाती या स्विस बंधूंनी सुलतान अब्दुलमजीदच्या आदेशावरून मोठी डागडुजी केली. घुमटाच्या पायथ्याला त्यांनी लोखंडी कडे घातले. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवून लाकूड जखडून ठेवतात, तसाच त्याचा हेतू होता.

त्यामुळे आजचा घुमट एकसंध नाही. त्याचा उत्तर आणि दक्षिणेकडचा भाग सहाव्या शतकातील, पश्चिमेकडचा दहाव्या, तर पूर्वेकडचा चौदाव्या शतकातील आहे. तो पूर्ण वर्तुळाकारही राहिलेला नाही. ग्रीक, अर्मेनियन, ऑटोमन, स्विस असे अनेक हात त्याला लागले. धर्म आणि राज्यकर्ते बदलले, तरी दुरुस्तीचे काम थांबले नाही.

भिंतींवरच्या चित्रांचे काय झाले?

हागिया सोफियातील मोझेक चित्रे, म्हणजे काच आणि दगडाचे बारीक रंगीत तुकडे बसवून केलेली चित्रे, बायझंटाइन कलेच्या अभ्यासाचा कणा मानली जातात. जस्टिनियनच्या काळातील मूळ सजावटीत मानवी आकृत्या नव्हत्या, क्रूस आणि वेलबुट्टी होती. आठव्या आणि नवव्या शतकात धर्मचित्रे असावीत की नसावीत, यावरून साम्राज्यात दीर्घ संघर्ष झाला. ८४३ मध्ये चित्रांच्या बाजूने निकाल लागल्यावर ८६७ मध्ये मुख्य वेदीच्या वरच्या भागातील मेरी आणि बाल येशूच्या मोझेकचे अनावरण झाले.

वास्तू मशीद झाल्यावर काळाच्या ओघात चित्रांवर गिलावा आणि रंग चढला. पण त्यामुळे त्यांतील बरीच चित्रे जपलीही गेली. फोसाती बंधूंनी डागडुजी करताना अनेक चित्रे उघडी केली, त्यांची रेखाटने केली आणि ती पुन्हा झाकली. १९३१ पासून अमेरिकी अभ्यासक थॉमस व्हिटेमोर यांच्या बायझंटाइन इन्स्टिट्यूटने ती पुन्हा उघडी करण्यास सुरुवात केली, तेव्हा फोसातींनी नोंदवलेली काही चित्रे सापडलीच नाहीत. मधल्या काळात, १८९४ मध्ये इस्तंबूलला मोठा भूकंप झाला होता. त्या चित्रांचा पुरावा म्हणून आता फक्त रेखाटने उरली आहेत. वास्तूची काळजीपूर्वक नोंद ठेवणे हेही संवर्धनच असते, ते असे.

अशा वास्तूचा अभ्यास करतात कसा?

बायझंटाइन वा मध्ययुगीन युरोपीय कलेचा अभ्यास म्हणजे केवळ शैलींची नावे पाठ करणे, असा समज असतो. हागिया सोफियाचे उदाहरण तो खोडून काढते. या वास्तूचे मूळ आराखडे आज उपलब्ध नाहीत. त्यामुळे इमारत हाच मुख्य दस्तावेज आहे आणि तो वाचायचा तर मोजमाप करावे लागते.

अमेरिकी वास्तुविशारद रॉबर्ट व्हॅन नाइस यांनी १९३७ मध्ये हे काम हाती घेतले आणि पुढची अनेक दशके ते त्यातच गुंतले. त्यांच्या आराखड्यांचा पहिला भाग १९६५ मध्ये आणि दुसरा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटिश स्थापत्य अभियंता रोलँड मेनस्टोन यांनी वास्तूतील झुकाव आणि तडे यांवरून बांधकामाचा क्रम उलगडला. त्यांचे पुस्तक १९८८ मध्ये आले. १९९० च्या दशकात तुर्की आणि अमेरिकी संशोधकांनी जमिनीवर, खांबांच्या वरच्या टोकाला आणि कमानींच्या माथ्यावर भूकंपाची कंपने मोजणारी उपकरणे बसवली. ऑगस्ट १९९९ मध्ये इझमित परिसरात १७ हजारांहून अधिक बळी घेणारा भूकंप झाला, तेव्हा वास्तू प्रत्यक्षात कशी हलते याची नोंद या उपकरणांनी केली. चुन्याच्या नमुन्यांची प्रयोगशाळेत तपासणी झाली. या सर्व माहितीवरून संगणकावर वास्तूची प्रतिकृती तयार करून, अमुक तीव्रतेचा हादरा बसला तर काय होईल, याचा अंदाज बांधता येतो.

विजापूरच्या गोलघुमटाशी तुलना होऊ शकते का?

दोन्ही वास्तूंमध्ये हजारहून अधिक वर्षांचे अंतर आहे, पण प्रश्न तोच आहे, चौकोनावर गोल घुमट बसवण्याचा. सतराव्या शतकातील गोलघुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर, म्हणजे हागिया सोफियापेक्षा जास्त आहे. तेथे एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींचे जाळे विणून वरचा घेर लहान केला आहे आणि त्या बांधकामाचे आत झुकलेले वजन बाहेरच्या रेट्याला उतारा ठरते. शिवाय घुमट चारही बाजूंच्या जाड, सलग भिंतींत जखडलेला आहे. हागिया सोफियाने खाली मोकळी जागा मिळवण्यासाठी भिंतींचा हा आधार सोडला. तिचे सौंदर्य आणि तिचे दुखणे, दोन्ही या एकाच निर्णयातून आले आहेत.

सध्या नेमके काय काम सुरू आहे?

उत्तर अनातोलियन प्रस्तरभंग इस्तंबूलच्या दक्षिणेला मार्मारा समुद्राखालून जातो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या आग्नेय भागात झालेल्या भूकंपांत ५० हजारांहून अधिक माणसे गेली. अंताक्या येथील ऐतिहासिक हबीब-ए-नज्जार मशीद कोसळली, गाझियानतेपच्या किल्ल्याची पडझड झाली. २३ एप्रिल २०२५ रोजी मार्मारा समुद्रात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि इस्तंबूलकर रस्त्यावर आले.

या पार्श्वभूमीवर मिनारांच्या दुरुस्तीपाठोपाठ आता मुख्य घुमट आणि अर्धघुमटांचे काम घेण्यात आले आहे. घुमटावरचे शिशाचे पत्रे काढून खालचे बांधकाम तपासणे, ते बळकट करणे आणि पुन्हा शिशाचे आच्छादन घालणे, असे त्याचे स्वरूप आहे. उघड्या पडलेल्या घुमटाला पाऊस लागू नये म्हणून वर तात्पुरते छत, तर आत मोझेकना धक्का लागू नये म्हणून पोलादी खांबांवर परांची, अशी योजना आहे. काम सुरू असताना मशीद खुलीच राहणार आहे.

पत्रे काढल्यावर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या शतकातील बांधकामांचे सांधे बाहेरून थेट पाहता येतील. तीन काळांतील विटा आणि चुना एकमेकांना कितपत धरून आहेत, हे कळण्याची ही दुर्मीळ संधी आहे. पत्रे पुन्हा बसले, की ती पुढची अनेक वर्षे मिळणार नाही.

मग चिंता कशाची?

चिंता दोन प्रकारची आहे. पहिली तांत्रिक. जुन्या, लवचीक चुन्याच्या बांधकामात अतिकठीण आधुनिक साहित्य घातले तर ताण भलतीकडेच जातो आणि नवे तडे पडतात, हा जगभरच्या संवर्धनाचा अनुभव आहे. दुसरी चिंता माहितीच्या खुलेपणाची. वास्तू इस्तंबूलच्या ऐतिहासिक भागांसह १९८५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. २०२१ मध्ये जागतिक वारसा समितीने २०२० च्या बदलाबद्दल चिंता व्यक्त करून तुर्कस्तानकडे अहवाल मागितला होता. वेदीवरचे मेरीचे मोझेक नमाजाच्या वेळी पडद्याने झाकले जाते. जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना २५ युरो शुल्क भरून फक्त वरच्या सज्जात प्रवेश मिळतो. पण खांबांचा झुकाव आणि जमिनीलगतचे बांधकाम सज्जातून अभ्यासता येत नाही. दुसरीकडे, प्रार्थनास्थळ वापरात असते तेव्हा त्याची देखभाल नियमित होते, असा युक्तिवादही केला जातो. ऑटोमन काळातील डागडुजीचा इतिहास पाहता तो अगदीच निराधार नाही.

वास्तू कोणाची, या वादाचा निकाल काहीही लागो, घुमटावरचा भार तेवढाच राहणार आहे. झुकलेले खांब सरळ करता येणार नाहीत. करता येण्याजोगे आहे ते एवढेच, की झुकाव मोजत राहायचे, तडे तपासत राहायचे आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद पुढच्या पिढीसाठी उघडी ठेवायची. त्रदातच्या हाती उपकरणे नव्हती, तरी त्याने आधी प्रतिकृती केली. आजच्या अभियंत्यांकडे कंपनांच्या नोंदी, संगणक आणि १५०० वर्षांच्या चुकांचा हिशेबही आहे. पुढच्या भूकंपाआधी त्याचा किती उपयोग होतो, यावर घुमटाचे भवितव्य ठरेल.